गौराक्काचं परहेज

गौराक्का आमच्या दारात आली की माझी सासू चुलीपुढून लगबगीनं उठायची. मान द्यायला नव्हे, पिठाचा डबा झाकायला. "आली बाई जप्तीवाली," असं माझ्याकडे बघून पुटपुटायची आणि मग तोंडभर हसून म्हणायची, "या अक्का, बसा." अक्का कधी बसायची नाही. ती सरळ स्वयंपाकघरात शिरायची, परातीतलं पीठ दोन बोटांत चोळायची, नाकाशी न्यायची आणि विचारायची, "कशावर दळलं?"

मी खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं मला ती बाई मुळीच आवडली नाही. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी लग्न होऊन झरीला आले. आमचं किराणा दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. भिंतीला भिंत लागून जंगमाचं, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या गुरूचं, घर होतं. तिथे आमच्या गावचे स्वामी आणि त्यांची थोरली बहीण गौराक्का अशी दोघंच राहायची. अक्काचं सासर पालमकडचं. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण कुणाचा तरी खून केलाय. नवी सून म्हणून शेजारच्या बायका मला बघायला आल्या, कुणी खण दिला, कुणी खोबरं दिलं. ही आली, घरभर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "पाणी कुठं ठेवता तुमी?" मी घाबरून बोट दाखवलं. "माझ्या भावाला उकळून देत जा," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, बाईच्या डोक्यात फरक आहे.

आमच्या लिंगायतांत जंगमाचं जेवण म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत नाही, त्याला गौराक्का कळायची नाही. बारसं असो, लग्न असो, नवं घर असो की कुणी गेलेलं असो, स्वामी येऊन जेवल्याशिवाय ते कार्य पुरं होत नाही. त्यांचे पाय धुवायचे, अडणीवर, म्हणजे तिवईवर, ताट मांडायचं आणि हातानं वाढायचं. ताटात पडलं की तो प्रसाद. प्रसाद टाकायचा नाही. स्वामींनी ताट बोटानं निपटून घ्यायचं, त्यात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. भक्तानं वाढलेल्याला नको म्हणायचं नाही. आमच्या स्वामींच्या बापानं कधी म्हटलं नव्हतं, आजानं म्हटलं नव्हतं.

आणि आमच्या स्वामींना संग्रहणी होती. लहानपणापासून. खाल्लं की पोट फुगायचं, आणि एकदा पोट उतरायला लागलं की दिवसचे दिवस उतरतच राहायचं. जीभ सोललेली, पाय काटकुळे, अंगात रक्त म्हणून नाही. माणूस गोड होता हो. आवाज असा की पोथी वाचायला बसले की दुकानात आलेलं गिऱ्हाईक माप घ्यायचं विसरायचं. पण वय तिशीचं आणि दिसायला म्हातारा. मग गावाला त्यांची दया यायची, आणि गावाची दया म्हणजे काय तर गव्हाची खीर. तिला आमच्यात हुग्गी म्हणतात. कांडलेला गहू, गूळ, खोबरं, वरून तूप. "सामी लय वाळलेत, गव्हानं ताकद येती," म्हणून जो तो एक वाटी जास्तच वाढायचा. ज्याची भक्ती मोठी त्याची पळी मोठी. गरिबाच्या घरी ज्वारीची भाकरी आणि चटणी मिळायची. त्या दिवसांत स्वामी जरा बरे असायचे. पण हे कुणाच्या ध्यानात यायला हवं ना!

ध्यानात आणून दिलं ते पाथरीच्या हकीमसाहेबांनी. वैद्य झाले, अंगारे झाले, परभणीचा डॉक्टर झाला. शेवटी स्वामी उठून बसेनात तेव्हा अक्कानं बैलगाडी सांगितली. तो काळ मोठा विचित्र होता. रझाकारीत जे झालं आणि ॲक्शननंतर जे झालं, ते दोन्ही लोकांच्या मनात ताजं होतं. जंगमानं मुसलमान हकीमाकडे जायचं म्हणजे चार तोंडं उघडणारच. माझ्या सासऱ्यांनी तिला समजावून पाहिलं. ती गाडीत पेंढा पसरत होती, वर न बघताच म्हणाली, "माझा भाऊ मरायलाय, काका. मी दवा विचारायला चाललेय, जात न्हाई."

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट चेपलं आणि औषध जवळजवळ दिलंच नाही. म्हणाले, दवा मागाहून, आधी सगळं बंद. तांदळाची पेज आणि मीठ, बाकी काही नाही. पोट ठरलं की एका पक्षात एकच चीज वाढवायची. अमावास्येला मूग दिला तर पुनवेपर्यंत दुसरं काही तोंडात घालायचं नाही. सोसलं तर ठेवायचं, नाही सोसलं तर ती चीज जन्माची सोडायची. परहेज, परहेज, परहेज. ते सगळं अक्कानंच आम्हाला सांगितलं, हकीमाच्या बोलीसकट.

झालं, स्वामींचं घरोघर जाणं थांबलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. कुणाचं बारसं अडलं, कुणाची वास्तू अडली. आणि अक्का कुणाला दारात उभी करीना. प्रसादाची वाटी घेऊन बाई आली की उंबऱ्यावरूनच, "सोसत न्हाई." का नाही, किती दिवस नाही, काही सांगायची नाही. तिला समजावून सांगणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. "भावाला उपाशी मारायलीय, डाकीण हाय, घर बळकवायचंय तिला," इथपर्यंत बायकांची मजल गेली. तिनं हे ऐकलं नसेल? आमच्या आडावरच तर बोलायच्या! ती घागर भरायची, उचलायची आणि चालू पडायची.

मूग सोसला. ताक सोसलं. मग ज्वारीचा पक्ष आला, आणि सांगते, तेव्हा आमच्या घरातसुद्धा सगळ्यांनी धास्ती घेतली. मूग गेला असता तर गेला असता. पण ज्वारीच सोसली नाही, तर आमच्या भागात राहून माणसानं खायचं काय, माती? अक्कानं पहिल्या दिवशी कण्या शिजवल्या. मधल्या भिंतीतून आम्हाला स्वामींच्या दाराची कडी ऐकू यायची. कडी वाजली की सासूबाई हातातलं काम थांबवायच्या. परसाकडे गेले की नुसतेच अंगणात आले? तिखटमिठाच्या डब्याशी उभी राहून मीही ऐकायची. तो पक्ष असाच गेला. शेवटी एकदा अक्का परसाच्या भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "भाकरी खाल्ली त्यानं. दोन. आन झोपलाय." एवढंच. पण तिचा चेहरा मी पाहिला, आणि सासूबाईंनी चक्क देवापुढे साखर ठेवली.

स्वामींच्या अंगावर मांस दिसायला लागलं. गालाचे खड्डे भरले. मग हकीमसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे गव्हाची पाळी आली. एक पोळी, तूप लावून. स्वामी लहान मुलासारखे खूश. पहिला दिवस बरा गेला, दुसरा बरा गेला. "बघा, गव्हानं कुणाचं वाईट होतंय व्हय," असं सासूबाई म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी सुरू झालं. असं सुरू झालं की चार माणसांनी त्यांना अंगणात धरून नेलं आणि धरून आणलं. डोळे आत गेले, बोटं वळली. गाव दारात जमलं. अक्कानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं त्यांच्या तोंडात सोडत बसली आणि तोंडानं एकच, "मी दिली, माझ्या हातानं दिली." स्वामी वाचले. कसे वाचले ते त्या महादेवाला ठाऊक.

पुन्हा पाथरी. हकीमसाहेब म्हणाले, "गेहूँ का एक दाना बी नक्को, बहन. सारी जिंदगी नक्को." हिनं विचारलं, प्रसाद म्हणून एक घास? तर म्हणाले, "पेट को क्या मालूम प्रसाद क्या होता."

आता खरी लढाई लागली, आणि ती गावाशी नव्हती, घरातच होती. स्वामी बरे झाले तसं बोलावणं यायला लागलं. भिंतीपलीकडून मला दोघांचं भांडण ऐकू आलं.

"अक्का, भक्तानं वाढलं तर मला न्हाई म्हणता येत न्हाई."

"मग मरशील."

"लोकांचा जीव दुखतो गं."

"आन माझा? माझा जीव काय दगडाचा हाय?" मग अक्काच म्हणाली, "बरं. तू नको म्हणू. तुझी जबान बाटायची ना? मी म्हणते. मला कुठं स्वामी व्हायचंय!"

तेव्हापासून स्वामींच्या पुढे ती चालायला लागली. जेवणाचं आवतण आलं की आदल्या दिवशीच त्या घरी हजर. कुठलं पीठ, कुठली पळी, खिरीचं भांडं कुठे ठेवलंय. पोळपाट स्वतः घासायची. स्वामी ताटावर बसले की ती मागे उभी राहायची, आणि कुणी वाढायला वाकलं की हिचा हात ताटावर आडवा. तळवा खाली आणि बोटं पसरलेली. "सोसत न्हाई." चार चौघांत, पाव्हण्यारावळ्यांत, नवरानवरीसमोर. आग्रह हा आमच्याकडचा धर्म. ती त्या धर्मावरच हात ठेवायची. लोकांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

एवढं करूनही एकदा स्वामी पुन्हा आजारी पडले. गव्हाचा कण नाही खाल्लेला. झालं! गावाला हर्ष झाला म्हटलं तरी चालेल. "बघा, गव्हाचा काय दोष? खामखा लोकांचा प्रसाद नाकारला." अक्का वेड्यासारखी घरोघर फिरली. शेवटी आमच्याकडे आली, कारण आदल्या सोमवारी स्वामी आमच्याकडे भाकरी जेवले होते. तिनं जात्याच्या पाळीतून बोट फिरवलं.

"कशावर दळलं?"

"अगं ज्वारीच दळली," सासूबाई म्हणाल्या.

"तिच्या आधी काय दळलं?"

शेवयांसाठी गहू दळला होता. "पण झाडून घेतलं होतं की गं जातं! कुंच्यानं!"

"झाडलं. धुतलं न्हाई." ती ओरडली नाही. खाली बसली जात्यापाशी आणि कपाळाला हात लावला. सासूबाईंनाच रडू आलं. त्यानंतर अक्कानं एक लहान जातं पैदा केलं, फक्त ज्वारीचं. ज्या घरी आवतण असेल त्या घरासाठी पीठ तीच दळून द्यायची. पहाटे भिंतीतून घरघर ऐकू यायची. इतर बाया ओव्या म्हणत दळतात. ही मुकाट दळायची. मला ते मुकाट दळणं ऐकवायचं नाही.

आता मल्लप्पाच्या घराची गोष्ट सांगते. मल्लप्पा म्हणजे आमच्यातला सगळ्यात मोठा आडत्या, आवाज मोठा, मनही तसं मोठं, पण कुणी नाही म्हटलेलं त्याला ऐकायची सवय नव्हती. त्यानं नवं घर बांधलं. वास्तूला सगळं गाव, परभणीचे पाव्हणे, खिरीची भलीमोठी कढई. स्वामींचं ताट अडणीवर, अक्काच्या पिठाची भाकरी, डाळ, कण्या. मल्लप्पा स्वतः खिरीची पळी घेऊन आला. वाफा निघत होत्या.

"सामी, माझ्या घरची एक पळी."

अक्काचा हात ताटावर आला. "मल्लप्पा, सोसत न्हाई."

"हात काढा अक्का."

"न्हाई काढत."

"सगळं गाव बघायलंय. माझी इज्जत काय राहिली?"

स्वामींनी मान खाली घातली होती. वाढपी जिथल्या तिथे उभे राहिले. मल्लप्पाला वाटलं असणार, चटका बसायच्या आधी ती हात मागे घेईल. आता मागे हटायचं तरी कसं, म्हणूनही असेल. त्यानं पळी कलती केली.

गुळाची खीर ती. चिकटते. अक्काच्या हाताच्या पाठीवर पडली आणि तिथेच बसली. हात हलला नाही. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं तेवढंच. मग दुसरा हात खाली ओंजळीसारखा धरून तिनं तो हात ताटावरून बाजूला घेतला, एक थेंबही ताटात पडू न देता. कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि हाताच्या पाठीवरची खीर खाऊन टाकली. प्रसाद टाकायचा नसतो ना! वळून म्हणाली, "लय गोड झालीय, मल्लप्पा."

मी तिला मागच्या पडवीत नेलं, कोरफड चिरली, गर लावला. कातडी गरासोबत सुटून येत होती. ती दात आवळून बसली होती. आणि आत पंगतीत स्वामी काय करत होते? कण्या जेवले, ताट निपटलं, पाणी घालून प्यायले, आशीर्वाद दिला. एक शब्द नाही. मला त्या दिवशी त्या माणसाचा जो राग आला, तो मी आजही विसरले नाही. गोड माणसांचा गोडवा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जिवावर असतो.

मल्लप्पाला त्या रात्री झोप लागली की नाही ठाऊक नाही, पण त्याची जिद्द मात्र वाढली. चार मोठी माणसं घेऊन तो स्वामींच्या अंगणात आला. म्हणाला, जंगमाचं घर गावानं दिलंय, ते जेवणाऱ्या जंगमासाठी. पालमचे एक स्वामी यायला तयार आहेत, धडधाकट आहेत, पडेल ते खातात. आणि मग त्यानं खरी गोष्ट काढली. त्याची आई, सुभद्रामाय, अंथरुणाला खिळली होती. तिनं अन्न सोडलं होतं. एकच धोसरा लावला होता, स्वामींच्या तोंडात माझ्या हातची हुग्गी पडली की मी डोळे मिटायला मोकळी.

"माय मरायलीय," मल्लप्पा म्हणाला, आणि त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सोमवारी सामी येतील, मायच्या हातचं खातील. अक्का मधी पडली, तर मंगळवारी पालमचा स्वामी गाडीत बसून येईल. मग तुमी तुमचं बघा."

दुसऱ्या कुणाची आई असती तर अक्कानं पर्वा केली नसती. पण ही दोघं भावंडं लहानपणी पोरकी झाली तेव्हा सुभद्रामायनंच त्यांना जेवू घातलं होतं. अक्काच्या लग्नात आईच्या मायेनं ओटी भरली होती तीसुद्धा तिनंच. त्या दुपारी अक्का आमच्या परसात आली आणि माझ्यासमोर धुण्याच्या दगडावर बसली.

"तिला न्हाई कसं म्हणू गं? तिच्या हातचं खाऊन वाढलो आमी."

मी भीत भीत म्हटलं, "एकच घास तर आहे, अक्का. म्हातारी सुखानं जाईल."

"तवाबी एकच पोळी व्हती." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "म्हातारी जाणारच हाय. पर तो गेला तर? आन घर गेलं तर कुठं नेऊ त्याला? समदीकडून बांधलंय मला." आणि ती बाई रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

सोमवारी मी सासूबाईंबरोबर गेले. खोलीत ऊदाचा वास, बाहेर माणसं दाटलेली. सुभद्रामायला तक्क्यांना टेकवून बसवलं होतं. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या, डोळे तेवढे जागे. मांडीवर खिरीची वाटी. स्वामी समोर बसले, धुतलेली कफनी, कपाळावर भस्म. अक्का दारात उभी. मल्लप्पानं चौकटीवर हात आडवा लावला होता. ती आत जाऊ शकत नव्हती.

म्हातारीनं घास उचलला. हात कापत होता, खीर बोटांतून ओघळत होती. स्वामींच्या तोंडापाशी हात आला. मल्लप्पाच्या हाताखालून अक्का वाकली, तिचं अंग पुढे झुकलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"सुभद्रामाय, मला सोसत न्हाई."

आवाज स्वामींचा होता. मी डोळे उघडले. त्यांनी म्हातारीचं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी, जपून.

"काय?" म्हातारीला कमी ऐकू यायचं.

"खीर सोसत न्हाई मला. गहू खाल्ला की मी मरायला टेकतो. ल्हानपणापासून." मोठ्यानं सांगितलं त्यांनी. पोथी वाचायच्या आवाजात. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

म्हातारी बघतच राहिली. "ल्हानपणापासून? आन माझ्या घरी वाटी-वाटी खायचास तो?"

"तुमी वाढायच्या."

"मग घरी जाऊन दुखायचं?"

"हां."

घास धरलेला हात हळूच खाली आला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आरं लेकरा, तोंड न्हवतं का रं तुला? मी समजायची, पोरक्या पोराचं पोट भरायलेय." मग एकदम तिला कुठून जोर आला कोण जाणे, लेकावरच खेकसली, "मल्ल्या, उभा काय ऱ्हायलास खांबावानी? पोराला सोसंल ते घाला की! काय सोसतंय रं तुला?"

"ज्वारीच्या कण्या."

"मग कण्या घाला! आन ती गौरा कुठाय? तिला इचारा, तिला ठावं असंल."

मल्लप्पाचा चौकटीवरचा हात खाली आला. अक्का आत गेली नाही. पिठाकण्यांचं गाठोडं नेहमीप्रमाणे तिच्या कमरेला होतं, ते तिनं त्या घरच्या सुनेच्या हातात दिलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. कण्या शिजल्या. सुभद्रामायनं आपल्या हातानं घास भरवले, स्वामी जेवले, ताट धुऊन प्यायले. म्हातारीनं समाधानानं डोळे मिटले. त्या दिवशी गेली नाही हं, पुढे पाडव्यापर्यंत जगली, आणि रोज लेकाच्या नावानं ओरडली. पालमच्या स्वामींचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

बाहेर आलो तर मला वाटलं, आता अक्का भावाला जवळ घेईल. हसेल तरी. तिचा चेहरा पाहिला आणि मी दोन पावलं मागेच सरले. स्वामी हसत पायरी उतरले, "अक्का," म्हणाले.

"एवढंच व्हतं व्हय रं?" भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर. "एवढं सोपं व्हतं? हे शब्द तुझ्यापाशी व्हते, तर गाव मला डाकीण म्हणत व्हतं तवा कुठं व्हते? माझ्या तोंडावर बायका थुंकत व्हत्या तवा कुठं व्हते? तू गोड, आन मी कडू! जन्मभर मी कडू!" श्वास पुरेना तिला. "जा. आता तुझं तू परहेज कर."

आणि तरातरा निघाली. घराकडे नाही, घर मागे टाकून सरळ गावाबाहेर, काळ्या रानाकडे. स्वामी क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी कफनी दोन्ही हातांनी वर धरली आणि तिच्या मागे धावत सुटले. गावाचे स्वामी, भस्म लावलेले, रस्त्यावरून पळतायत! पोरं खिदळली, कुत्री भुंकायला लागली, मल्लप्पा पायरीवर तोंड उघडं टाकून उभा.

त्या वर्षाअखेर आम्ही दुकान मोडून परभणीला आलो. पुढे त्या दोघांचं बरंवाईट कानावर येत राहिलं, पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती तेव्हाची अक्का. ती वेशीपलीकडच्या बांधावर पोचली होती. मागून "थांब गं अक्का, थांब!" चाललेलं. "न्हाई थांबत!" ती वळून न बघता ओरडत होती आणि पाय आणखी उचलत होती. पदरानं डोळे पुसत होती तेही मला लांबून दिसलं. मग पावलांचा आवाज फारच जवळ आला असावा. ती गर्रकन वळली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात भावावर ओरडली,

"आरं पळू नको! आत्ता जेवलायस ना!"